मार्थाची पुढची तारीख

इंग्रजी वाचता येणाऱ्या सर्व सुजाण मंडळींचे सेवेशी,

अर्जदार : बापू रामचंद्र सुतार, वय बावन्न, शिक्षण नववीपर्यंत, धंदा अर्जलेखन. बसण्याची जागा : सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील एका तालुक्याच्या कचेरीचा व्हरांडा, डावीकडून दुसरे टेबल.

ज्यांच्याविषयी अर्ज ते : कै. भूपाल मगदूम, इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक, मूळ राहणार सांगलीजवळ, नोकरीनिमित्त मलकापूर, निवृत्तीनंतर आमच्या गावी बहिणीच्या घरी.

साक्षीदार : (१) हौसाबाई, विधवा, पूर्वी मेंढपाळ, सध्या शेती. (२) फौजेतील निवृत्त नायक जगन्नाथ, राहणार फलटणकडचे, बायकोच्या वाट्याच्या जमिनीसाठी आमच्या कचेरीत येणारे.

तारखा : नेमक्या सांगता येत नाहीत. वार मात्र सर्व मंगळवार, कारण सुनावणी मंगळवारी असते.

मागणी : एका गोष्टीचा शेवट.

ही मागणी वाचून कोणास हसू आल्यास त्याने खालील मजकूर आधी वाचावा. पंचवीस वर्षे मी या टेबलावर लोकांचे अर्ज लिहीत आहे. माझा अर्ज परत आला असे सहसा घडलेले नाही. एका अर्जात एकच मागणी हा माझा नियम असून तो येथेही पाळला आहे. फरक इतकाच की आजवरचे अर्ज दुसऱ्यांचे होते.

मगदूम सर प्रथम आले ते स्वतःच्या कामासाठी. गळ्यापर्यंत बटणे लावलेला पांढरा सदरा, उन्हाळा असूनही हातात छत्री, खांद्यावर कापडी पिशवी. पिशवीत उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली आणि शेंगदाणे-गूळ. दिवस मावळल्यावर ते काही खात नसत, त्यामुळे पाच वाजले की घरी जायला निघत. बाकावर बसण्यापूर्वी त्यांनी रुमालाने मुंग्या हलकेच बाजूला केल्या. मी तितका वेळ थांबलो.

“अर्ज लिहायचाय,” ते म्हणाले.

“विषय?”

“पुस्तकं.”

“हरवली?”

“अजून न्हाई. पुढच्या महिन्यात हरवणार आहेत.”

प्रकरण असे होते. एका जुन्या वाचनालयात इंग्रजी कादंबऱ्यांचे एक कपाट होते. दीड-दोनशे वर्षांपूर्वी विलायतेत लिहिलेल्या त्या कादंबऱ्या कित्येक वर्षांत कोणी नेल्या नव्हत्या. म्हणून वाचनालयाने त्यांचे निर्लेखन करण्याचे, म्हणजे नोंदीतून कमी करून रद्दीत काढण्याचे ठरवले होते. सरांनी त्याविरुद्ध घरून चार कागद लिहून आणले होते. मी त्याचा अर्धा कागद केला.

तो त्यांनी दोनदा वाचला. “बापूसाहेब, तुम्ही चांगल्या चांगल्या माणसांना मारून टाकलंत यात.”

“मागणी जिवंत आहे ना, सर?”

“ती आहे.” त्यांनी सही केली. “फरक लक्षात आला. तुमच्या अर्जात मागणी पहिल्या ओळीत कळते. कादंबरीत ती शेवटच्या पानापर्यंत कळत न्हाई.”

अर्जास नियमानुसार उत्तर आले. निर्लेखन अटळ होते. प्रत्येक पुस्तकाचे शिक्का असलेले पहिले पान वाचनालयाने दप्तरी ठेवण्यासाठी फाडून घेतले. उरलेल्यातून, सरांच्या वयाचा मान राखून, त्यांना हाताने नेता येतील तितकी पुस्तके नेण्याची परवानगी मिळाली. हाताने सात निघाली. पाठीवरची अक्षरे केव्हाच पुसलेली, त्यामुळे सातही बिननावाची. कोणते कोणी लिहिले हे मी त्यांना विचारले असता त्यांनी सांगितले नाही. “नाव कळलं की लोकं म्हणतात, हां, ऐकलंय. आणि मग ऐकत न्हाईत,” असे त्यांचे म्हणणे होते.

त्यानंतर ते दर मंगळवारी यायचे. काम काही नसायचे. माझ्या बाकावर बसून वाचायचे. वाचताना ओठ हलायचे, आवाज नसायचा.

हौसाबाईंचे प्रकरण तेव्हा नुकतेच सुरू झाले होते. नवरा वारल्यावर सातबाऱ्यावर फक्त दिराचे नाव लागले. बाईंनी हरकत घेतली आणि नोंद तक्रारीत पडली. त्यांचा अर्ज माझ्याच हातचा. सकाळच्या गाडीने येऊन पुकारा होईपर्यंत त्या खांबाला टेकून बसत. एका मंगळवारी त्यांनी सरांना विचारले :

“पोथी हाय व्हय?”

“पोथीच. विलायतेची.”

“काय हाय तिच्यात?”

“एका बाईचा नवरा मेलाय. दीर तिला घरात घेत न्हाई.”

हौसाबाईंनी मांडीवरचे गाठोडे खाली ठेवले. “कुठल्या गावची म्हणला?”

येथून ते सुरू झाले. बाईचे नाव मार्था. गाव गिरण्यांचे, धुराचे, सदा पावसाळी. नवरा घड्याळे दुरुस्त करणारा. त्याने मरण्यापूर्वी घर बायकोच्या नावे लिहून ठेवले होते. दिराने तो कागद दिवाणखान्यातील शेकोटीत टाकला, आणि मार्थाने ते दाराच्या फटीतून पाहिले. साक्षीदार कोणी नाही. ती गिरणीत कामाला लागते आणि दरवर्षी त्या घरासमोरून जाऊन खिडक्या मोजून येते. मला त्यातील इतके सांगता येते.

सर एक-दोन पाने वाचत, बोट पानात घालून पुस्तक मिटत, समोरच्या लिंबाकडे बघत आणि मग मराठीत सांगत. सुरुवात ठरलेली. “मागच्या तारखेला आपण कुठं होतो?” ज्याची मागची तारीख चुकली असेल त्याला इतरांनी सांगायचे, सरांनी फक्त चुका काढायच्या. नावे ते बदलत नसत. कोणी मार्थाला मालन करा म्हणाले, तेव्हा ते म्हणाले, “ती आपल्याकडं आल्याली न्हाई, आपण तिच्याकडं गेलोय. पाहुण्यानं घरातल्यांची नावं बदलू नयेत.” भाग संपला की मूळ इंग्रजीतील एक वाक्य मोठ्याने वाचत. अर्थ सांगत नसत. नायक जगन्नाथ त्या वेळी ताठ बसत. ते एकदा म्हणाले, “आमचे साहेब असंच बोलायचे, सर. ह्यात फकस्त शिव्या न्हाईत.”

गोष्ट एकदाच का सांगून टाकत नाही, असे बाईंनी विचारले होते. सर म्हणाले, तिकडेही ही पुस्तके अशीच महिन्याच्या महिन्याला तुकड्यांनी निघत असत आणि लोक पुढच्या तुकड्याची वाट बघत.

“म्हंजी त्यास्नीबी तारीखच पडायची म्हना की.”

सर इतके हसले की त्यांना बाटली उघडावी लागली. पुढे भागाला भाग हा शब्द त्यांनी वापरलाच नाही. मार्थाची पुढची तारीख, असेच म्हणत.

कचेरीत येणारा एक तरुण वकील हे सर्व बघत असे. त्याने एकदा विचारले, “सर, राणीच्या काळातलं इंग्लंड. आज ह्याचा उपयोग काय?”

“वकीलसाहेब, आत्ता आत जाऊन तुम्ही जो कायदा सांगितला, तो कधीचा?”

वकिलाने साल सांगितले. ते राणीच्याच काळातले निघाले.

“त्याच लोकांनी, त्याच काळात लिहिला,” सर म्हणाले. “कायदा त्यांनी इकडं पाठवला, आणि कायद्यात सापडलेल्या माणसांची गोष्ट घरीच ठेवली. मी राहिलेलं पार्सल आणून देतोय.”

वकील हसला, पण त्यानंतर पुकारा नसेल तेव्हा तोही खांबाआड उभा राहू लागला.

याचा अर्थ सर त्या पुस्तकांचे भक्त होते असा कोणी काढू नये. गोष्टीत पुढे मार्थाचा एक दूरचा चुलता येतो. हिंदुस्थानात बरीच वर्षे काढून, गबर होऊन परतलेला. तो मार्थाला मदत देऊ करतो. व्हरांड्यात सर्वांना बरे वाटले. नायक जगन्नाथ यांनी मात्र हात वर केला.

“सर, ह्यो चुलता हितनं काय घिऊन ग्येला?”

“पुस्तकात लिहिलेलं न्हाई.”

“मग ते आपलंच असंल की. आता मार्थाला त्यातनं घर मिळालं, तर आपुन खूश व्हायचं का हरकत घ्यायची?”

सरांनी पुस्तक उघडून ते पान पुन्हा पाहिले. मग म्हणाले, “नायकसाहेब, मी जन्मभर हे शिकवलं. पोरांनी वहीत लिहून घेतलं, चुलता प्रेमळ आहे. हे कुणी विचारलं न्हाई.”

“हौसाबाई, तुमचं काय म्हननं?” नायक म्हणाले.

“बाईला घर मिळू द्या आदी. मग त्या चुलत्याचं बगू.”

या साहित्याविषयी माझेही काही मत बनले असून ते येथे नोंदवणे अप्रस्तुत होणार नाही. त्या गोष्टींत माणसे अर्ज करीत नाहीत, पत्रे लिहितात. प्रत्येक जण स्वतःच लिहितो आणि मनात येईल ते सर्व लिहितो. तेथे आमच्या व्यवसायाचा माणूस नसावा, त्यामुळेच पुस्तके इतकी जाड झाली असावीत. हे मत मी सरांना सांगितले असता त्यांनी ते पिशवीतील वहीत उतरवून घेतले. दुसरे असे की, त्यांत लग्ने प्रेमाने होतात असा समज आहे. पण सरांच्या तोंडून ऐकता प्रत्येक लग्नाच्या मागे मला एक उतारा दिसला. घर कोणाच्या नावे, हा प्रश्न पहिल्या पानापासून असतो आणि सर्व जण हवामानाविषयी बोलत असतात. हे आमच्या तालुक्यातही खरे आहे.

आता मूळ मुद्दा.

हौसाबाईंच्या प्रकरणात दिराकडे एक जुने वाटणीपत्र होते आणि ते तो दाखवत नव्हता. इतकेच बाईंना ठाऊक होते. जादा जबाब लिहून देण्याचा मंगळवार आला. मी विचारले, कागदाचे काय झाले? त्या म्हणाल्या, “जाळला असंल बगा.” कसा? “सरांनी सांगितलं न्हवं का? तसाच. दुसरं काय करत्यात ही लोकं?”

माझ्याकडे त्या दिवशी गर्दी होती. मी वाक्य जुळवले, नेहमीप्रमाणे बरे जुळवले, आणि बाईंचा अंगठा घेतला. ते वाक्य असे : “सामनेवाले यांनी सदर कागद दिवाणखान्यातील शेकोटीत टाकून नष्ट केला व अर्जदार यांनी ते दाराच्या फटीतून समक्ष पाहिले.”

आत सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी ते मोठ्याने वाचले. पुढील संभाषण मी दारातून ऐकले.

“बाई, तुमच्या वस्तीवर दिवाणखाना आहे?”

“दोन खोल्या हायत्या. वर पत्रा हाय.”

“शेकोटी कुठं असते?”

“भाईर. मेंढरांपाशी.”

“मग कागद जाळताना तुम्ही स्वतः पाहिलं?”

“म्या न्हाई. मार्थानं.”

“मार्था कोण? साक्षीदारांच्या यादीत नाव नाही.”

दिराच्या बाजूची माणसे हसली. साहेब हसले नाहीत. ज्या बाईचे एक वाक्य बनावट आहे तिची इतर वाक्ये मी का मानावीत, असे त्यांनी विचारले. खुलासा न आल्यास हरकत फेटाळीन असे नोंदवून त्यांनी पुढची तारीख दिली. बाई बाहेर आल्या आणि नेहमीच्या खांबापाशी न बसता थेट फाट्याकडे चालू लागल्या.

सर पुस्तक घेऊन बसलेलेच होते. त्यांनी माझ्याकडून सर्व ऐकले, पानात बोटाऐवजी एस.टी.चे तिकीट घातले आणि पुस्तक पिशवीत ठेवले.

“चूक माझी आहे,” ते म्हणाले. “गोष्ट सांगणाऱ्यानं ऐकणाऱ्याच्या दाराशी थांबायचं असतं. पण वाक्य तुमचं आहे, बापूसाहेब. तुम्ही एक प्रतिज्ञापत्र लिहून द्या. बाईनं असं सांगितलंच नव्हतं, लिहिणाऱ्यानं पदरचं घातलं.”

“सर, माझा परवाना आहे. नाव आहे.”

“तिची जमीन आहे.”

“बघतो,” मी म्हणालो.

मी तीन तारखा बघितले. खुलाशाला मुदत मिळावी असे तीन अर्ज मीच बाईंना लिहून दिले आणि ते मंजूरही झाले. या काळात सर येत, बाकावर बसत, शेंगदाणे खात, पण पुस्तक काढत नसत. नायकांनी आग्रह केला. सर म्हणाले, “हौसाबाईंचा निकाल लागल्याशिवाय मार्थाचा सांगणार न्हाई. दोघींची तारीख आता एकच.” माझ्याशी ते पूर्वीसारखेच बोलत. प्रतिज्ञापत्राचा विषय त्यांनी दुसऱ्यांदा काढला नाही. तिसऱ्या तारखेला त्यांना कचेरीच्या चार पायऱ्या चढायला जगन्नाथांचा हात लागला.

चौथ्या तारखेच्या सकाळी मी ते लिहिले. आठ ओळी. त्यांत विशेषण एकही नाही. सही केली, साहेबांपुढे ठेवले आणि प्रत घेऊन बाहेर आलो, तर सर बाकावर नव्हते. बहिणीच्या घरी गेलो. सरांचा मुलगा सांगलीहून न्यायला आला होता, डॉक्टरांना दाखवायचे होते, आणि ती मंडळी स्टँडवर गेली होती.

सांगलीची गाडी लागलेली होती. सर खिडकीशी होते. सदऱ्याचे वरचे बटण उघडे होते, ते मी प्रथमच पाहिले. मी प्रत वर दिली. त्यांनी ती दूर धरून वाचली. वाहक मागच्या दारात उभा होता.

“यातलं एकही वाक्य काढण्यासारखं न्हाई,” ते म्हणाले.

मग त्यांनी पिशवीतून ते पुस्तक काढले आणि खिडकीतून माझ्या हातात दिले. तिकीट पानात होते तसेच होते.

“थोडंच राहिलंय. बाईचा निकाल लागला की तुम्ही सांगा. इंग्रजी येतं ना तुम्हाला?”

माझ्या टेबलावर इंग्रजी शब्दकोश असतो. अर्जांत मी इंग्रजी शब्द वापरतो. सर दोन वर्षे शेजारी बसत होते.

“येतं,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. गाडी मागे सरकली, वळली आणि बाहेर पडताना खिडकीतून त्यांचा छत्री धरलेला हात तेवढा दिसला. दिवस अजून वर होता. मावळायच्या आत ते सांगलीत पोहोचले असावेत. दिवाळीनंतर बहिणीकडून कळले की ते गेले.

हौसाबाईंचा निकाल यंदा लागला. खुलासा मान्य झाला, दिराला वाटणीपत्र हजर करावे लागले, ते जळालेले नव्हते. बाईंचे नाव लागले. उतारा घेऊन त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि बाकावर, सरांच्या जागेच्या अलीकडे बसल्या.

“आवं बापूसायेब, माजं झालं. आता मार्थाचं सांगा.”

मी म्हणालो, पुढच्या मंगळवारी. नंतर पुन्हा तेच म्हणालो. आता त्यांचे कचेरीत काही काम नाही, तरी त्या मंगळवारी येतात. मी शब्दकोश घेऊन बसलो. एका महिन्यात पाऊण पान झाले आणि त्यात फक्त पाऊस होता. वकिलाला कायद्यापुरतेच इंग्रजी येते, म्हणून त्याने मोबाईलने पानाचा फोटो काढून भाषांतर केले. त्यातून मार्था आपल्या पायांवर आली व खिडकीने तिला क्षमा मागितली, असे निघाले. बाई ऐकून म्हणाल्या, “ह्ये सरांचं न्हाई.” पुस्तकाला नाव नाही आणि वाचनालयाच्या दप्तरात कपाटभर फाडलेली पाने आहेत, त्यांतले याचे कोणते ते कळत नाही, त्यामुळे दुसरीकडे शोधता येत नाही. शेवट मी स्वतः रचून सांगावा, असे नायकांनी सुचवले. मी नकार दिला. पदरचे एक वाक्य मी एकदा लिहिले आहे, ते पुरे.

सबब विनंती अशी की, ज्यास इंग्रजी वाचता येते आणि सावकाश सांगता येते, अशा कोणीही मंगळवारी आमच्या व्हरांड्यात यावे. तिकिटाच्या पानापासून पुढे वाचावे. नावे बदलू नयेत. मार्थास घर मिळाले नसेल, तर तसेच सांगावे. बाईंनी त्याहून वाईट ऐकलेले आहे. येणे शक्य नसल्यास तसे लेखी कळवावे, म्हणजे मला दुसरीकडे अर्ज करता येईल.

आल्यावर प्रथम मला भेटण्याची आवश्यकता नाही. हौसाबाई खांबाला टेकून बसलेल्या असतात. त्या विचारतील, एवढे दिवस बापूसाहेबांनी का सांगितले नाही. बापूसाहेबांना इंग्रजी येत नाही, असे माझ्या वतीने सांगावे. मी डावीकडून दुसऱ्या टेबलावर असेन आणि ऐकत असेन.

अर्जदार,
बापू रामचंद्र सुतार
(सही स्वहस्ते, मराठीत)